माहेर तुटल्यानंतर: न दिसणारे दुःख कसे सांभाळावे

जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न केले म्हणून, वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागितला म्हणून, नवऱ्याचे घर सोडून एकटे राहण्याचे ठरवले म्हणून, किंवा लहानपणापासून सोसलेल्या मारहाणीबद्दल एकदाचे तोंड उघडले म्हणून अनेक स्त्रियांचे माहेर तुटते. काहींना घरच्यांनी तोडलेले असते, काहींनी स्वतःहून अंतर घेतलेले असते आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असतात. हा लेख अशा स्त्रियांसाठी आहे. वाटणीवरून भावाशी बोलणे बंद झालेल्या पुरुषालाही यातले बरेच काही उपयोगी पडेल, परंतु आपल्याकडे सणवार, बाळंतपण आणि मुलांचे संस्कार यांपैकी इतके काही माहेराच्या आधारावर उभे असते की ते तुटल्याचे परिणाम वेगळे आणि दूरवर पोहोचणारे असतात. म्हणून येथे प्रामुख्याने त्याचाच विचार केला आहे.

पुढील सर्व सूचनांमागची भूमिका आधीच स्पष्ट केलेली बरी. दुःख होणे ही एक गोष्ट आहे आणि संबंध ठेवावेत की नाही हा निर्णय ही दुसरी गोष्ट आहे. या दोहोंची गल्लत झाली की माणूस दोन्हीकडून अडकतो. "एवढे रडू येते, म्हणजे माझेच चुकले असणार" असे वाटून घाईघाईने माफी मागितली जाते, नाहीतर आपला निर्णय बरोबरच होता हे स्वतःला पटवण्यासाठी रडणेच दाबून टाकले जाते. वास्तविक बरोबर निर्णयाचेही दुःख होते, आणि दुःख ओसरले म्हणून परत जाण्याचे बंधन येत नाही.

या दुःखाला सुतक नसते

घरात मृत्यू झाला की पुढे काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. शेजारी पिठले-भात आणून देतात, नातेवाईक भेटून जातात, दहावे-तेरावे होईपर्यंत घरच्यांकडून कोणी कामाची अपेक्षा ठेवत नाही आणि कार्यालयातही त्या माणसाशी चार दिवस जपून बोलले जाते. माहेर तुटते तेव्हा यातले काहीच घडत नाही. माणसे हयात असतात, त्यांचा मोबाइल क्रमांक तुमच्याकडे असतो, त्यांच्या घरचे कार्य झाल्याचे कोणाकडून तरी कळते, आणि तरीही ती तुमच्यासाठी नसतात. त्यातच "लग्न करताना कळले नव्हते का?" असे विचारणारेही भेटतात. समाज ज्याला शोक मानायलाच तयार नसतो, ज्याच्यासाठी कोणी भेटायला येत नाही, अशा दुःखाविषयी अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडणी केली. त्याआधी पॉलिन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना दाखवून दिले होते की माणूस गेला आहे की आहे हेच जेथे निश्चित नसते, तेथे शोकाला शेवट सापडत नाही. हे दुःख इतके का रेंगाळते याचे उत्तर त्यात आहे. तुमचे मन दुबळे आहे म्हणून ते रेंगाळत नाही, तर प्रसंगच असा आहे की ज्यात दार पूर्ण बंद होत नाही आणि उघडतही नाही.

म्हणून पहिले काम असे की या प्रसंगाला शोक म्हणून मान्यता द्यावी, आणि ती निदान एका तरी माणसासमोर द्यावी. मैत्रीण, जाऊ, नवरा किंवा जुन्या शिक्षिका यांपैकी ज्या व्यक्तीला मधेच तोडगा सुचवण्याची सवय नाही तिची निवड करावी आणि बोलण्यापूर्वीच सांगावे, "मला सल्ला नको आहे, फक्त ऐकून घे." शोकाच्या पाच पायऱ्या असतात असे तुम्ही कोठेतरी वाचले असेल. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. त्यांच्या फूटपट्टीने स्वतःला मोजून आपण अजून रागाच्याच पायरीवर का आहोत अशी चिंता करीत बसू नये.

नेमके काय गेले, ते लिहून काढावे

"माहेर तुटले" या दोन शब्दांत इतके काही दडलेले असते की मनाला ते एकदम पेलत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात. एका वहीत, मोबाइलवर नव्हे, गेलेल्या गोष्टी एकेक करून लिहाव्यात. माणसे लिहावीत आणि प्रत्येक माणूस वेगळा लिहावा, कारण वडिलांवरचा राग आणि धाकट्या भावाची आठवण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जागा लिहाव्यात: ओटा, माडी, विहीर, आईने तुमच्या नावाचे ठेवलेले ताट. गेलेले हक्क आणि मान लिहावेत: निघताना भरली जाणारी ओटी, पहिले बाळंतपण, दिवाळसण, मुलाच्या जावळाला लागणारी मामाची मांडी. भविष्यात गृहीत धरलेल्या गोष्टीही लिहाव्यात, म्हणजे मुलीच्या लग्नात तिच्या मागे उभा राहणारा मामा, आई म्हातारी झाल्यावर तिला चार महिने आपल्याकडे आणण्याचा बेत.

या यादीत एक नोंद बहुतेकींना उशिरा सुचते आणि तीच सर्वांत जड असते. ती म्हणजे कधी न मिळालेल्या आईची किंवा वडिलांची. अनेक घरांत माहेर तुटण्याआधीही फारसे प्रेमाचे नसते, पण कधीतरी वडील आपले म्हणणे समजून घेतील ही आशा असते आणि संबंध तुटल्यावर ती आशा जाते. जे नव्हतेच त्याचे दुःख कसले, असे कोणी म्हणेल. माझ्या मते तेच दुःख सर्वांत खरे असते, कारण त्याची भरपाई आठवणींनीही होत नाही.

लिहिण्याची एक साधी पद्धत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात तिचे प्रयोग केले होते. सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा ते वीस मिनिटे, कोणालाही दाखवायचे नाही असे ठरवून, शुद्धलेखनाची पर्वा न करता मनातले सर्व लिहायचे. लिहिल्यानंतर काही वेळ अधिक उदास वाटते हे अपेक्षितच असते, म्हणून झोपण्यापूर्वी किंवा कामावर जाण्याच्या घाईत लिहायला बसू नये. लिहिताना छातीत धडधड वाढली, जुनी मारहाण डोळ्यांसमोर घडत असल्यासारखी दिसू लागली, तर तेथेच थांबावे. हा विषय मग समुपदेशकाबरोबर हाताळण्याचा आहे असे समजावे. वही सुरक्षित राहणार नसेल तर लिहिलेले फाडून टाकावे. उपयोग लिहिण्याचा असतो, जपून ठेवण्याचा नव्हे.

अपराधीपणाची तपासणी

रागापेक्षा अपराधीपणा अधिक त्रास देतो, कारण राग निदान समोरच्यावर असतो. "माझ्यामुळे वडिलांना झटका आला", "माझ्यामुळे धाकटीचे लग्न अडले", "आईने जेवण सोडले" ही वाक्ये बहुधा कोणीतरी कानावर घातलेली असतात आणि कालांतराने ती स्वतःचीच वाटू लागतात. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली, मुळात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती येथे चांगली उपयोगी पडते. ती मनातले वाक्य जसेच्या तसे कागदावर मांडायला लावते आणि त्यातला हट्ट शोधायला शिकवते.

उदाहरणार्थ, "आईने मला समजून घेतलेच पाहिजे, ती घेत नाही म्हणजे मी प्रेमास पात्र नाही" असे वाक्य घ्यावे. आईने समजून घ्यावे ही इच्छा रास्त आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. परंतु "घेतलेच पाहिजे" हा आग्रह आपल्या हातात नसलेल्या माणसाच्या वागणुकीवर आपले सगळे मोल टांगून ठेवतो. वाक्य बदलून असे लिहावे: "आईने समजून घेतले असते तर मला फार बरे वाटले असते. तिने घेतले नाही याचे मला वाईट वाटते, आणि तरीही मी माझे आयुष्य नीट जगू शकते." या वाक्याने वाईट वाटणे थांबत नाही, पण त्याला आपण नालायक असल्याची जी जोड मिळालेली असते ती सुटते. एकदा लिहून हे होत नाही. जुने वाक्य पुन्हापुन्हा परत येते आणि प्रत्येक वेळी त्याला उत्तर द्यावे लागते.

अपराधीपणात क्वचित खराखुरा भागही असतो आणि तो झटकून टाकू नये. रागाच्या भरात आजीला काही वेडेवाकडे बोललो असू, बहिणीच्या विश्वासातली गोष्ट उघड केली असेल, तर तेवढ्या कृतीपुरती माफी मागता येते. "त्या दिवशी मी तुला जे बोलले ते चूक होते, त्याबद्दल मला खेद आहे" एवढ्या दोन ओळी पुरेशा असतात. त्यात लग्नाबद्दल, हिश्श्याबद्दल किंवा घर सोडल्याबद्दल माफी मिसळू नये. केलेल्या चुकीची जबाबदारी घेणे आणि आपला हक्क सोडणे यांत फरक आहे, आणि घरच्यांकडून हा फरक नेमका पुसला जातो.

राग समजून घेताना आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे निर्णय खरोखर कोणाचा होता. कित्येकदा आईवडिलांपेक्षा भावकीचा, जातपंचायतीचा किंवा "लोक काय म्हणतील" या भीतीचा वाटा मोठा असतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता, आणि अशा बहिष्काराची झळ घरच्यांना सर्वांत आधी लागते. हे समजल्याने घरच्यांची वागणूक क्षम्य ठरतेच असे नाही. मात्र "आईला मी नकोशी झाले" आणि "आईला गावासमोर माझी बाजू घेण्याचे धैर्य झाले नाही" या दोन वाक्यांचे दुःख सारखे नसते. आता तर अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधाच्या २०१६ च्या या कायद्यानुसार दोषी ठरणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सणांचे वर्ष आधीच पाहून ठेवावे

माहेर तुटलेल्या स्त्रीला कॅलेंडर दर महिन्याला काहीतरी आठवण करून देते. श्रावणात नागपंचमी आणि राखीपौर्णिमा, भाद्रपदात गौरी, कार्तिकात भाऊबीज, पौषात संक्रांत. त्यांतही गौरीचे तीन दिवस विशेष अवघड जातात, कारण त्या दिवसांत दारोदारी माहेरवाशिणीचेच स्वागत चाललेले असते. संक्रांतीची अडचण वेगळी. तिळगुळाचे निमित्त करून कोणी ना कोणी "सोडून दे आता, गोड बोल" असा उपदेश करतेच, आणि तो बहुतेक वेळा ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच केला जातो.

या दिवसांना अचानक सामोरे जाण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग पाहून कोणते दिवस जड जाणार ते ठरवावे आणि प्रत्येकाचा बेत आठवडाभर आधी करावा. बेत फार मोठा नको. भाऊबीजेला कोणाला ओवाळायचे, की त्या दिवशी प्रवासाला निघायचे, की घरीच राहून दुपारी आठवणीने रडून संध्याकाळी शेजाऱ्यांकडे फराळाला जायचे, यांपैकी काहीही चालेल, पण आपण ठरवलेले असावे. मानलेल्या भावाला ओवाळणे काहींना आधार देते, तर काहींना ते केवळ भरती केल्यासारखे वाटते आणि अधिक टोचते. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत, म्हणून पहिल्या वर्षी जे केले तेच दरवर्षी करण्याचे बंधन घालून घेऊ नये.

लोकांच्या प्रश्नांसाठी एक-दोन वाक्ये तयार ठेवावीत आणि ती आरशासमोर दोनदा म्हणून पाहावीत. "या वर्षी माहेरी नाही का गेलीस?" या प्रश्नाला "नाही, आमचे सध्या येणेजाणे नाही. तुमच्याकडे गौरी उभ्याच्या की खड्याच्या?" असे उत्तर देऊन विषय बदलता येतो. खोटे सांगावे लागत नाही आणि हकिगतही उलगडावी लागत नाही. सासरी कोणी "हिला माहेरचे कोणी नाही" असे टोमण्याने बोलत असेल तर त्याला उत्तर देण्याची जबाबदारी नवऱ्याची आहे आणि हे त्याला सणाच्या दिवशी नव्हे, तर आधी शांतपणे सांगून ठेवावे.

दोन सणांच्या मधल्या काळात सतत या विषयाशीच झगडत बसण्याची आवश्यकता नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलंड्समधील अभ्यासकांनी १९९९ मध्ये असे मांडले की शोकातला माणूस कधी दुःखाकडे तोंड करतो, तर कधी नव्या आयुष्याच्या कामाकडे, आणि या दोहोंमधली ये-जा हीच सावरण्याची रीत आहे. त्यामुळे एखाद्या आठवड्यात माहेर आठवलेच नाही म्हणून आपण निर्दय झालो असे समजू नये, आणि पुढच्याच आठवड्यात बाजारात आईसारखे नऊवारी नेसलेले कोणी पाहून कोसळलो म्हणून सगळे फुकट गेले असेही समजू नये.

फोन, निरोप आणि मध्यस्थ

कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप गट हा आज या दुःखाचा सर्वांत कार्यक्षम पुरवठादार आहे. काहींना गटातून काढले जाते, काही स्वतः बाहेर पडतात आणि काही जणी गटात राहून रोज सकाळी भावाच्या घरच्या वाढदिवसांची छायाचित्रे पाहतात. निदान पहिले काही महिने हे पाहणे थांबवावे. गट सोडण्याचे जाहीर नाट्य नको असेल तर तो मूक करून अर्काइव्हमध्ये टाकावा आणि ज्यांचे स्टेटस पाहून दिवस बिघडतो त्यांचे स्टेटस मूक करावे. रात्री अकरानंतर लिहिलेला कोणताही संदेश सकाळपर्यंत पाठवू नये.

मध्यस्थांचा प्रश्न अधिक नाजूक असतो. एखादी मावशी किंवा काका दोन्हीकडे जात असतात, त्यांचा हेतू चांगला असतो, पण ते इकडचे तिकडे सांगताना प्रत्येक वाक्याला थोडे मीठ लागते. अशा व्यक्तीला प्रेमाने पण स्पष्ट सांगावे: "मावशी, तू येत जा, मला तुझी भेट हवी असते. पण तिकडचे निरोप आणू नकोस आणि माझे तिकडे नेऊ नकोस." ती ऐकेलच असे नाही. दुसऱ्यांदाही निरोप आला तर त्याला उत्तर न देता विषय बदलावा. उत्तर मिळाले नाही की निरोपांची वर्दळ हळूहळू आटते.

याला एक अपवाद ठेवावा. आजारपण आणि मृत्यू यांच्या बातमीसाठी एक विश्वासू माणूस निश्चित करावा, मग तो चुलतभाऊ असो वा गावातली मैत्रीण, आणि त्याला सांगावे की फक्त एवढेच कळव. हे न केल्यास वडील गेल्याचे पंधरा दिवसांनी फेसबुकवरील श्रद्धांजलीतून कळते, आणि तो धक्का फार काळ पुरतो.

त्या प्रसंगी काय करायचे याचा विचार आज, मन त्यातल्या त्यात शांत असताना करून ठेवणे हे कदाचित या लेखातले सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगाचे काम आहे. आई अतिदक्षता विभागात असल्याचा फोन आला तर जायचे का? गेल्यास कोणाबरोबर जायचे, किती वेळ थांबायचे, भावाने दारातच अडवले तर काय करायचे? न जाण्याचे ठरवले तर तो दिवस कोठे आणि कोणाच्या सोबतीने घालवायचा? या प्रश्नांची बरोबर-चूक अशी उत्तरे नसतात. स्वतःला विचारण्याजोगा प्रश्न एवढाच की पाच वर्षांनंतर मला कोणती गोष्ट केल्याचे अथवा न केल्याचे ओझे अधिक वाटेल. अनेक जणी रुग्णालयात जातात पण अंत्यविधीला जात नाहीत, कारण पहिल्या ठिकाणी माणूस भेटतो आणि दुसऱ्या ठिकाणी भावकी. ज्यांना जाता येत नाही किंवा जाऊ दिले जात नाही त्यांनी आपल्या घरी दिवा लावावा, फोटोला हार घालावा, आपल्या पद्धतीने दहावा दिवस पाळावा, एखाद्या संस्थेत त्यांच्या नावाने जेवण द्यावे. शोक करण्यासाठी घरच्यांच्या परवानगीची गरज नसते. आणि मृत्यूनंतर उसळून येणारे दुःख हे पूर्वीच्या दुःखाहून वेगळे असते, कारण आता समेटाची शक्यताही संपलेली असते. तेव्हा "मी तर कधीच रडून मोकळी झाले होते" असे म्हणून त्याला हाकलून देऊ नये.

कागदांवर दुःखात सही करू नये

माहेर तुटण्याच्या बऱ्याच प्रकरणांत कोठेतरी सातबारा असतो. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली की भाऊबीज सुरू राहील, अशी न बोललेली अट असते, आणि पहिल्या दुःखात ती अट स्वस्त वाटते. हक्क सोडायचाच असेल तर तो सोडण्याचा अधिकार तुम्हाला आहे. पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्यावर मन बदलले म्हणून ते सहजासहजी रद्द होत नाही, म्हणून संबंध तुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षात अशी सही न करणे शहाणपणाचे आहे. एकही कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये, "फक्त वारसनोंदीसाठी आहे" असे सांगितले तरीही.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांत महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत सहदायादाचा, म्हणजे मुलाप्रमाणेच जन्माने मिळणाऱ्या हिश्श्याचा, हक्क दिला होता, मात्र त्या दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद उरला नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असणे आवश्यक नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र याने धक्का लागत नाही. आंतरधर्मीय लग्न विशेष विवाह कायद्याखाली झाले असेल तर हक्काचे स्वरूप बदलू शकते, तेव्हा ही माहिती वकिलाला पहिल्याच भेटीत द्यावी.

काही वडील रागाने वृत्तपत्रात जाहीर नोटीस देतात की अमुक मुलीशी आमचा संबंध राहिलेला नाही. ती वाचताना पायाखालची जमीन सरकते. परंतु अशा नोटिशीने वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क आपोआप संपत नाही. स्वतः कमावलेली मालमत्ता मात्र वडील मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. त्या नोटिशीचे कात्रण वकिलाच्या फाइलमध्ये जाऊ द्यावे, ते घरात उशाशी ठेवू नये.

मुलांना काय सांगावे

वयाला पेलेल तेवढे खरे सांगावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला "आजी-आजोबा आणि आई यांचे भांडण झाले आहे, त्यात तुझी काही चूक नाही" एवढे पुरते. दहा-बारा वर्षांच्या मुलीला कारणही सांगता येते, परंतु आजोबांना खलनायक करून सांगू नये, कारण उद्या तिला त्यांच्याशी बोलावेसे वाटले तर तिला आपण आईशी बेइमानी करतो असे वाटेल. जावळ, कान टोचणे किंवा लग्नात मामाच्या जागी मित्र, शेजारी किंवा आत्येभाऊ उभा राहिला तर कोणताही विधी अडत नाही.

तिकडून दार किलकिले झाले तर

काही वर्षांनी बहुधा एखादा संदेश येतो: "आईची तब्येत बरी नसते, तुझी आठवण काढते." आनंद, राग आणि संशय एकदम दाटून येतात. लगेच उत्तर देण्याची सक्ती नाही. "निरोप मिळाला, विचार करून कळवते" एवढे म्हणून आठवडाभर थांबता येते. त्या आठवड्यात स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. ज्या कारणाने संबंध तुटले त्याबद्दल तिकडचे कोणी काही बोलले आहे का, नवऱ्याचा आणि मुलांचा स्वीकार आहे का, आणि या बोलावण्यामागे सहीसाठी थांबलेला एखादा कागद आहे का.

पहिली भेट तासाभराची, दिवसाढवळ्या, तिसऱ्याच ठिकाणी, हॉटेलात किंवा मैत्रिणीच्या घरी असावी. त्या भेटीत जुना हिशेब सोडवण्याचा प्रयत्न करू नये. आईने प्रेमाने विचारपूस केली, तरी पुढच्या दोन-तीन भेटींत ती तशीच वागते का ते पाहावे आणि मगच मुलांना न्यावे. समेट अर्धाही असू शकतो. आईशी महिन्यातून एकदा फोन, भावाशी काहीच नाही, अशी व्यवस्था वर्षानुवर्षे टिकलेली दिसते आणि ती अपूर्ण आहे म्हणून खोटी ठरत नाही.

ज्यांना विवाहामुळे घरच्यांकडून जिवे मारण्याच्या धमक्या आल्या असतील त्यांनी मात्र हा परिच्छेद आधी वाचावा. समेटाच्या गोड निरोपानंतर मुलीवर हल्ला झाल्याच्या घटना महाराष्ट्रातही घडल्या आहेत. एकटीने जाऊ नये, गावी जाऊ नये, गरोदर असताना तर विशेष जपावे, आणि आपला नवा पत्ता जवळच्या वाटणाऱ्या नातेवाइकालाही देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. अशा जोडप्यांना संरक्षण देण्याबाबत आणि त्यांच्यासाठी सुरक्षागृहे असावीत याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात राज्यांना निर्देश दिलेले आहेत, त्यामुळे पोलिसांकडे लेखी अर्ज देण्यात संकोच करू नये. तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक आहे.

मदत केव्हा आणि कोणाची घ्यावी

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, घरातली आणि कामावरची रोजची कामे होत नसतील, दारूचा किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार वाढत असेल, तर हे केवळ दुःख राहिलेले नाही असे समजून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूही नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याची सेवा मिळते, आणि ठाण्यातील आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारख्या संस्था १९९० पासून मराठीतून समुपदेशन करीत आल्या आहेत.

समुपदेशक निवडताना पहिल्या भेटीत एक गोष्ट पाहावी. संबंध का तुटले हे पूर्ण ऐकून घेण्याआधीच ते "शेवटी आईवडील ते आईवडीलच" असे म्हणू लागले, किंवा उलट "अशा माणसांचे तोंड पाहू नका" असा निकाल देऊन मोकळे झाले, तर त्यांना तुमच्या दुःखापेक्षा तुमच्या निर्णयात अधिक रस आहे. दुसऱ्या भेटीत त्यांना हे स्पष्ट बोलून दाखवावे, आणि फरक पडला नाही तर समुपदेशक बदलावा.